आधी वाट, मग पकड

(कबड्डी प्रशिक्षक परिषद, वराळे, ता. मावळ : अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने मोठ्या विषयावर बोलावे अशी रीत आहे. कबड्डीचे भवितव्य, ऑलिंपिकचे स्वप्न, शासनाचे धोरण. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा बरे बोलतात. मी खेळलो तो बचावात आणि पुढे शिकवला तोही बचावच. म्हणून आज एकाच प्रश्नाला धरून राहतो. जो चढाईपटू एका जागी ठरतच नाही, त्याला रोखायचे कसे?

पूर्वीही चपळ गडी होते. पण मैदान मातीचे होते. मातीवर वळताना पाय थोडा सरकतो, आणि त्या सरकण्यात बचावाला श्वासभर वेळ मिळतो. मॅट आली, बूट आले आणि तो वेळ गेला. आता पोरगा धावत येतो, कोपऱ्याला हात दाखवतो, उलट्या पावली फिरतो आणि दुसऱ्या बाजूने निसटतो. आपल्याकडच्या मंडळांची पंचाईत अशी की सराव मातीवर, तोही बहुतेक रात्री, एमआयडीसीतली पाळी संपल्यावर. आणि जिल्ह्याचा सामना मॅटवर. त्यामुळे आपला बचाव मातीच्या वेगाचा राहतो आणि समोरचा मॅटच्या वेगाने खेळतो. मॅट नाही ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावर आज वेळ घालवत नाही. बचावाचा मोठा भाग उभे राहण्याचा आणि सरकण्याचा असतो. तो शेतात, अंगणात, कुठेही शिकवता येतो.

मैदानाची मापे तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत. तरी ती एकदा बचावपटूच्या डोळ्यांनी पाहू. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. म्हणजे आपले अंगण साडेसहा मीटरचे. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. बोनस रेषेपासून अंतिम रेषेपर्यंत उरते फक्त पावणेदोन मीटर. आपले दोन्ही कोपरारक्षक या पट्टीत जगतात. आता रुंदी पाहा. दहा मीटरमधली दोन्ही बाजूंची एकेक मीटरची लॉबी स्पर्श होईपर्यंत मैदानात धरली जात नाही. चढाईपटू शिरतो तेव्हा त्याला आठच मीटर मिळतात. तुम्ही त्याला हात लावला की त्याच क्षणी त्याचे मैदान दोन मीटरने वाढते! महिलांच्या १२ बाय ८ च्या मैदानात हा फरक आणखी बोचतो, कारण तिथे सहाचे आठ होतात. अर्धवट पकड म्हणजे चढाईपटूला आपल्या हाताने जागा देणे. हे आपण मुलांना सांगतो का? मी गेल्या काही वर्षांत जी शिबिरे पाहिली, त्यांत चवडा कसा काढायचा, पट कसा काढायचा, धडक कशी मारायची हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालते. हात कधी लावायचा नाही, यावर मात्र एखादे वाक्यच येते.

माझे म्हणणे एवढेच आहे. पकड ही बचावाची शेवटची क्रिया आहे. त्याआधी चढाईपटूची परतीची वाट काढून घ्यावी लागते, आणि ते काम सात जणांचे आहे.

चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे खोल गेला असे धरा. डावा कोपरारक्षक मागे सरकतो आणि त्याला आणखी खोल येऊ देतो. नजर पायावर. हातावर ठेवली तर फसला, कारण हात खोटे बोलतो आणि ज्या पायावर वजन आहे तो खोटे बोलू शकत नाही. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. खरी गंमत पलीकडच्या बाजूला आहे. उजवा कोपरा आणि उजवा मध्यरक्षक त्या वेळी काय करतात? बहुतेक संघांत ते पाहत उभे राहतात, कारण चढाईपटू त्यांच्याकडे आलेलाच नाही. चांगल्या संघात ते त्याच वेळी मध्यरेषेच्या दिशेने वळसा घालून येतात. चढाईपटू वळतो तेव्हा त्याला आलेली वाट दिसत नाही, दोन माणसे दिसतात. तिथे तो क्षणभर थबकतो. कोपरारक्षकाने घोट्याला हात घालायचा तो त्या थबकण्यावर. टाळ्या त्याला मिळतात. थबकवले दुसऱ्यांनी.

मावळात उभा राहून हे सांगायला मला उंबरखिंडीचा आधार घ्यावासा वाटतो. शिवाजी महाराजांचे नाव भाषणात उगाच ओढू नये या मताचा मी आहे, पण इथे प्रसंगच तसा आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान पुण्याहून निघून याच मावळातून लोणावळ्याकडे गेला आणि कोकणात उतरू लागला. त्याला घाटमाथ्यावर कोणी अडवले नाही. अरुंद खिंडीत पुरता शिरू दिला, मग पुढची आणि मागची वाट बंद केली. खानाला सामानसुमान टाकून, खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. माथ्यावर उघड्यावर झुंज झाली असती, तर फौजेचा आकडा कुणाच्या बाजूने होता हे सांगायला नको.

आज आपल्या मुलांना माथ्यावरच झुंजायची घाई आहे. त्याला आपण ‘ॲडव्हान्स टॅकल’ असे भारदस्त नाव दिले आहे. चढाईपटू निदान रेषा ओलांडायच्या आत मध्यरक्षक झेपावतो. कधी जमते, आणि जमले की मोबाइलवर फिरते. न जमलेल्या झेपा कुणी फिरवत नाही. एका झेपेत स्पर्श होतो, सोडवायला दुसरा धावतो, त्यालाही हात लागतो, आणि आपण लोणाच्या रस्त्याला लागतो. नियमच पाहा. तिसऱ्या चढाईचा नियम असलेल्या सामन्यात सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत चढाईपटूला गुण आणावाच लागतो, नाही तर तो बाद. म्हणजे पहिल्या दोन चढायांत काहीही न होऊ देणे हीच बचावाची कमाई. तीस सेकंद आपल्या बाजूने पळत असतात. जो चपळ आहे त्याला मोकळी जागा हवी असते आणि आपली घाई हवी असते. जागा थोडी द्यावी लागते, घाई अजिबात देऊ नये.

डुबकीबद्दल मुले नेहमी विचारतात. प्रदीप नरवालने ती घरोघर पोहोचवली. २०१७ च्या प्रो कबड्डी हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण घेतले. तो काय करतो ते नीट पाहा. साखळी त्याच्याभोवती आवळू लागली की तो तिची वाट पाहतो. सगळे एकाच उंचीवर, छातीच्या रेषेत हात धरून आले की खाली वाकून हातांखालून मध्यरेषेकडे झेपावतो. साखळी जितकी घट्ट आणि जितकी उंच, तितके त्याचे बरे. म्हणून अशा खेळाडूपुढे जोडीतल्या एकाने खाली बसल्यासारखे राहावे, दुसऱ्याने उभे. आणि एक मध्यरक्षक साखळीत न घालता मध्यरेषेच्या अलीकडे मोकळा ठेवावा. उलट अजय ठाकूरसारखा उडी मारून जाणारा असेल, तर चवड्यासाठी वाकलेल्याच्या मागे ताठ उभा असलेला माणूस हवा. दोन्ही उपायांत तत्त्व एकच, सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट करू नये.

या मोकळ्या ठेवलेल्या माणसावरून आठवले. अमेरिकेत त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे, लंबगोल चेंडूचा. तिथल्या महाविद्यालयीन संघांना नेमका आपलाच प्रश्न पडतो. चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, क्वार्टरबॅक, फेकायच्या ऐवजी स्वतःच पळत सुटला तर करायचे काय? तिथले प्रशिक्षक कडेच्या बचावपटूंना सांगतात की त्याच्यावर तुटून पडताना त्याला ओलांडून पुढे जाऊ नका, बाहेरची वाट धरून ठेवा. आणि कधी कधी एक माणूस नुसता त्याच्यावर पाळत ठेवायला नेमतात. चेंडू कुठेही जावो, या माणसाने त्यालाच पाहायचे. २०१६ मध्ये लुईव्हिल विद्यापीठाचा लमार जॅक्सन कुणाला आवरत नव्हता. त्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडूचा मान, हाइझमन करंडक, त्यालाच मिळाला. त्याच हंगामात ह्यूस्टनने लुईव्हिलला ३६-१० असे हरवले आणि जॅक्सनला चेंडू फेकायच्या आत ११ वेळा पाडले. त्यांचे नियम वेगळे, अंगावर चिलखत वेगळे. पण बाहेरची वाट धरून ठेवणारा तो कडेचा गडी पाहिला की मला आपला कोपरारक्षक ओळखू येतो.

इतके लांब जायचीही गरज नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुषांना उपांत्य फेरीत इराणने २७-१८ असे हरवले. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके, आणि तो क्रम तिथे तुटला. आपल्याकडे तेव्हा चढाईपटूंची वाण नव्हती. १८ गुण हा आकडा इराणच्या बचावाबद्दल सगळे सांगतो. त्यांचा डावा कोपरा, फझल अत्राचली, आपल्याच लीगमध्ये खेळून आपल्या चढाईपटूंचे पाय वाचत होता. पुढे तो पुणेरी पलटणचा कर्णधारही झाला. दुसऱ्याच दिवशी महिलांचा अंतिम सामना इराणने भारताविरुद्ध २७-२४ असा जिंकला, आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या वेळी काहींनी नाके मुरडली. मला मात्र वाटले की महाराष्ट्राच्या प्रशिक्षणाचे एवढे मोठे प्रमाणपत्र दुसरे नाही. आपली बाई परक्या देशात जाऊन, परकी भाषा बोलणाऱ्या मुलींकडून हे करून घेते. आपण एकाच गावच्या, एकाच बोलीच्या सात जणांना एकत्र हलायला शिकवू शकत नाही, असे कसे म्हणायचे?

दुसरे उदाहरण जवळचे. २०२४ मध्ये पुणेरी पलटणने पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. हैदराबादला अंतिम सामन्यात हरियाणावर २८-२५. हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला मोहम्मदरझा शादलूई, आणि ते योग्यच झाले. पण त्या संघाचे सामने पुन्हा पाहाल तेव्हा एक चढाई अशी पाहा की ज्यात शादलूईकडे बघायचेच नाही. अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत हे दोन मध्यरक्षक कसे उभे आहेत, किती पावले सरकतात, कधी थांबतात, तेवढेच बघा. मुलांनाही तसेच बघायला लावा. शिबिरातल्या एका सकाळइतके शिकून होईल.

आता गुणपत्रिकेकडे येतो, कारण सगळ्या घाईचे मूळ मला तिथे दिसते. पकडीचा गुण गुणलेखक एका खेळाडूच्या नावावर लिहितो. ज्याने वाट बंद केली त्याच्या नावापुढे काही नसते. जिल्हा निवड चाचणीत निवड समिती तीच पत्रिका पाहते. मग पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने वळसा कशासाठी घालावा? तो झेप घेणार, कारण निवड झेपेवर होते. नियम बदलणे आपल्या हातात नाही. पण प्रत्येक मंडळाने आपली एक वही ठेवावी. त्यात पकडीपुढे तीन रकाने असावेत. पहिला स्पर्श कुणाचा, वाट कुणी अडवली, पकड कुणी पूर्ण केली. आणि चौथा रकाना रिकाम्या चढायांचा, म्हणजे समोरच्या मुख्य चढाईपटूला आपण किती वेळा हात हलवत परत पाठवले. लेखक म्हणून जखमी खेळाडूला बसवा. त्याच्याइतके बारीक कुणी पाहत नाही. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असतात तेव्हाची नोंद वेगळी करा. अव्वल पकडीचा जादा गुण दिसत असल्याने तिथे झेप घ्यायचा मोह सगळ्यात जास्त, आणि परवडत सगळ्यात कमी.

शेवटचा मुद्दा पंचांसाठी, आणि तो थोडा कटू आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना तुम्ही पाहिला असेल. भारत-इराण, २८-२८, दोन मिनिटेही उरलेली नाहीत, पवन सेहरावतची तिसरी चढाई. तो लॉबीत गेला, मागोमाग इराणचे बचावपटू गेले, आणि मग खेळ कितीतरी वेळ थांबला. स्पर्श न करता लॉबीत गेला तर एकटा चढाईपटू बाद, की त्याच्यामागे शिरलेले बचावपटूही बाद? एका नियमाने एक उत्तर, दुसऱ्या नियमाने दुसरे. भारताने सामना ३३-२९ असा जिंकला, आनंद झाला. पण बचाव शिकवणारा माणूस म्हणून मी अस्वस्थ झालो. चपळ चढाईपटूला कडेकडे रेटायचे असे आपण शिकवतो. कडेला रेटल्यावर त्याच्यामागे जायचे की रेषेवर थांबायचे, हेच जर सामन्यागणिक बदलणार असेल तर मुलाने पाय कुठे ठेवायचा?

आपल्या भागात उत्सवातले सामने होतात, किलो गटाचे होतात, खुल्या गटाचे होतात. हस्तपत्रकावर बक्षिसाची रक्कम मोठ्या अक्षरांत असते, प्रमुख पाहुण्यांची नावे त्याहून मोठ्या अक्षरांत. तिथेच एक ओळ घाला की या स्पर्धेत लॉबीचा कोणता नियम लागू आहे आणि तिसऱ्या चढाईचा नियम आहे की नाही. नाणेफेकीच्या वेळी पंचांनी दोन्ही कर्णधारांना तो वाचून दाखवावा. या आशयाचा ठराव दुपारच्या सत्रात मांडला जाणार आहे, असे संयोजकांनी मला सांगितले आहे. अध्यक्ष म्हणून मला मत देता येत नसेल तर खाली येऊन बसतो आणि हात वर करतो. ठरावावर हरकत असेल त्यांनी जेवणाआधी नावे द्यावीत. जेवणानंतर मैदानावर सात-सात जणांची प्रात्यक्षिके आहेत, तिथे बोलायला वेळ मिळणार नाही.