निकालाचा पत्ता

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात आम्ही पेटी सांभाळणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांनी केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे.)

आयाबायांनो, बाबांनो, लांबच्या टोल्यांवरून पायी आलेल्या पोरापोरींनो,

निकालांत काय लिहिलंय ते सकाळी वकीलभाऊंनी सांगितलं. आम्ही सांगणार आहोत की निकाल सापडतो कसा, आणि सापडला की तो बांधून गावोगाव न्यायचा कसा. ऐकायला हे लहान काम वाटतं. पण यातच अडलं की दावा अडतो.

'समता'चा निकाल आपण सगळ्यांनी ऐकलाय. आंध्रातली केस, ११ जुलै १९९७ चा निकाल. पाचव्या अनुसूचीच्या भागातली जमीन, सरकारी असली तरी, खाणीसाठी खासगी कंपनीला लीजवर देता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने त्यात म्हटलं. आता आपल्या पेटीतल्या झेरॉक्स काढून बघा. एकीवर लिहिलंय 'एआयआर १९९७ एससी ३२९७'. दुसरीवर '(१९९७) ८ एससीसी १९१'. दोन-तीन गावांत लोक आम्हाला म्हणाले, आपल्या बाजूने दोन निकाल आहेत. नाही हो. निकाल एकच, पत्ते दोन. लग्न झालेल्या बाईला माहेरी एका नावाने हाक मारतात, सासरी दुसऱ्या. बाई तीच.

पत्ता वाचायचा कसा? १९९७ हे साल. ८ म्हणजे त्या सालचा आठवा खंड. एससीसी हे पुस्तकाचं नाव. १९१ हे पान, तिथून निकाल सुरू होतो. बस, एवढंच. एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, ते पुस्तक आपल्या नागपूरलाच निघतं. एससीसी दुसऱ्या प्रकाशकाचं. एससीआर हे सुप्रीम कोर्टाचं स्वतःचं. तेच निकाल तिघे छापतात, ज्याचं त्याचं पान वेगळं. साहेबाने 'हा आकडा जुळत नाही' म्हटलं की आपला माणूस गप्प बसतो. गप्प बसायचं कारण नाही. 'साहेब, हा एससीसीचा पत्ता आहे, तुमच्याकडे एआयआर असेल तर ३२९७ पान काढा' एवढं म्हणायला यायला पाहिजे.

हा घोळ आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत तर फार जुना आहे, आणि तिथल्या काही लोकांनी त्यावर जे केलं ते आम्हाला शिकण्यासारखं वाटलं.

तिथे सुरुवातीला सुप्रीम कोर्टाचे निकाल ज्याने गोळा करून छापले त्याच्याच नावाने पुस्तक ओळखलं जायचं. डॅलस, क्रँच, व्हीटन, पीटर्स अशी नावं. पहिले ९० खंड असेच आहेत. मग १८७५ पासून नाव गेलं, नुसता नंबर आला, आणि जुन्या खंडांनाही मागून नंबर दिले. म्हणून १८२३ चा 'जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश' हा निकाल एका ठिकाणी '८ व्हीट. ५४३' आहे, दुसऱ्या ठिकाणी '२१ यू.एस. ५४३'. हा निकाल तिथल्या आदिवासींच्या जमिनीचाच आहे. जमिनीवर राहायचा, ती वापरायचा हक्क आदिवासींचा, पण 'शोध' लावला म्हणून वरची मालकी गोऱ्या राज्याची. आदिवासींनी खासगी माणसाला जमीन विकली तर कोर्ट ती विक्री मानणार नाही. ऐकल्यासारखं वाटतं ना? मग १८३२ चा 'वूस्टर विरुद्ध जॉर्जिया', पत्ता '६ पीट. ५१५', तोच '३१ यू.एस. ५१५'. चेरोकी लोकांच्या मुलखात जॉर्जिया राज्याचा कायदा चालणार नाही, असं कोर्टाने सांगितलं. निकाल चांगला होता. तरी १८३८ मध्ये फौजेने चेरोकींना हाकललं, वाटेत हजारो मेले. पुस्तकात निकाल असला म्हणजे जमीन हातात राहते असं आम्ही म्हणत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण निकाल सापडलाच नाही तर भांडायचं कशावर?

तर तिथे फ्री लॉ प्रोजेक्ट नावाची एक संस्था आहे, नफ्यासाठी नाही. त्यांनी निकाल छापणाऱ्या सगळ्या पुस्तकांची एक यादी केली. पुस्तकाचं पूर्ण नाव, छोटं नाव, ते छोटं नाव लोक किती तऱ्हांनी लिहितात, मधे जागा सोडून, टिंब देऊन, न देऊन, आणि ते पुस्तक कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत निघालं. साल कशाला? 'वॉश.' एवढंच लिहिलेलं असलं तर ते वॉशिंग्टन राज्याचं पुस्तक की व्हर्जिनियातल्या वॉशिंग्टन नावाच्या माणसाने काढलेलं? वॉशिंग्टन राज्य झालं १८८९ ला. निकाल १७९५ चा असेल तर तो त्या राज्याचा असूच शकत नाही. साल बघितलं की सुटलं.

आता मुख्य गोष्ट. ही यादी त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवली नाही. तिचं पॅकेज केलं. पॅकेज म्हणजे काय, हे तेंदूच्या फडावर बसलेल्याला समजवायला नको. पानं तोडून ढीग लावला तर तो नुसता ढीग. सत्तर पानं मोजून, तुटकी काढून, दोरीने बांधली की पुडकं झालं. मग फडमुंशी एकेक पान बघत बसत नाही, पुडकी मोजतो. तसंच हे. यादी एका ठरलेल्या साच्यात लिहिली. बाहेर सोडण्याआधी कम्प्युटर प्रत्येक ओळ तपासतो, साल उलटंसुलटं नाही ना, नमुन्याचा पत्ता ओळखला जातो ना. वर आवृत्तीचा नंबर टाकला, म्हणजे जुनं पुडकं कोणतं, नवं कोणतं ते कळतं. आणि परवानगी लिहून दिली की कुणीही घ्या, बदला, विका सुद्धा, फक्त मूळ कुणाचं ते पुसू नका. दुसऱ्या माणसाला एका ओळीच्या हुकमाने ती आपल्या कम्प्युटरवर उतरवता येते. तिच्यावरच पुढे हार्वर्डच्या ग्रंथालयवाल्यांसोबत त्यांनी आणखी एक अवजार केलं, कुठल्याही मजकुरातले निकालांचे पत्ते शोधून काढणारं. हार्वर्डने तर सुमारे ४ कोटी पानं स्कॅन केली, पुस्तकांच्या पाठी कापून. तरी पत्ते ओळखायची यादी नसती तर ती पानं म्हणजे ढीगच.

कुणी विचारेल, निकाल असे वाटायला मुभा आहे का? आहे. अमेरिकेत १८३४ लाच ठरलं, 'व्हीटन विरुद्ध पीटर्स'. दोघेही वर सांगितलेले पुस्तकवाले. कोर्टाने लिहिलेल्या निकालावर कुणाचा कॉपीराइट नाही. गंमत अशी, हा निकाल छापला गेला पीटर्सच्याच आठव्या खंडात. आपल्याकडेही तसंच झालं. 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोदक', डिसेंबर २००७. कोर्टाचा मूळ मजकूर सगळ्यांचा, प्रकाशकाच्या संपादकांनी स्वतःच्या अकलेने जी भर घातली ती तेवढी त्यांची. आणि त्याचा पत्ता? '(२००८) १ एससीसी १'. ज्या कंपनीची केस तिच्याच पुस्तकात, पहिल्याच पानावर. म्हणून पुस्तकातला सारांश झेरॉक्स करू नका, कोर्टाचा मजकूर घ्या. तो आता फुकट मिळतो. २ जानेवारी २०२३ पासून सुप्रीम कोर्टाने आपल्या एससीआरमधले निकाल मोबाइलवर सगळ्यांना खुले केले. काहींचं मराठी भाषांतरही आहे. ते आपल्याला समजायला, कोर्टात मात्र इंग्रजीच धरतात. त्याच वर्षी कोर्टाने स्वतःचा पत्ता द्यायला सुरुवात केली, साल, मग आयएनएससी, मग आकडा. नागपूर खंडपीठाच्या निकालावर बीएचसी-एनएजी असतं. हा पत्ता कुठल्या दुकानाचा नाही. तो आधी लिहायचा.

आम्ही जे पुडकं बांधतोय ते लहान आहे. एक रजिस्टर आणि एक पेन ड्राइव्ह, दर ग्रामसभेला. एका निकालाला एक ओळ. केसचं नाव, कोर्ट, तारीख, सगळे पत्ते, आपल्या बोलीत दोन वाक्यं, आणि शेवटच्या रकान्यात 'पुढे काय झालं'. हा रकाना भरल्याशिवाय ओळ घ्यायची नाही, यावर आमचं आपसात बरंच भांडण झालं. काही म्हणाले, एवढं कोण बघणार. आमचं उत्तर १३ फेब्रुवारी २०१९. त्या दिवशी सुप्रीम कोर्टाने, केस नंबर १०९/२००८, ज्यांचे दावे फेटाळले त्यांना जंगलातून काढा असा हुकूम दिला. २८ फेब्रुवारीला त्याच कोर्टाने तो थांबवून ठेवला. मधे फक्त १५ दिवस. पण पहिला कागद त्यानंतरही कित्येक महिने फिरत राहिला. एका गावात नाक्यावरच्या माणसाने तो दाखवून मोहाची झाडं ज्या शेतात आहेत ते शेत सोडायला सांगितलं, आणि एक म्हातारी आजी भांडीकुंडी बांधून बसली होती. तिला २८ तारखेचा कागद कुणी दाखवला नव्हता.

तपासणी अशी ठेवलीय. ओळ लिहिणारा एका गावचा, तपासणारी पोरं दुसऱ्या दोन गावची. त्यांना फक्त पत्ता द्यायचा. दोघांनी वेगवेगळं शोधून तोच निकाल, तीच तारीख आणली तर ओळ पक्की. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, वर ठळक नंबर. जुनं रजिस्टर फाडू नका, त्यावर 'जुनं' लिहून ठेवा.

आता काम. समता आणि नियमगिरी, म्हणजे '(२०१३) ६ एससीसी ४७६', या दोन ओळी झाल्यात. बाकीच्यासाठी तुमच्या घरातले, सचिवाकडचे, कुठे आढ्याला खोचलेले कोर्टाचे कागद पुढच्या बाजाराच्या दिवशी आणा. उंदराने कुरतडलेले असले तरी आणा, फक्त पत्ता वाचता आला पाहिजे. बारावी झालेली, नाहीतर नुसतं इंग्रजी अक्षर ओळखणारी दोन-दोन पोरं प्रत्येक गावाने द्यावीत. त्यात एक पोरगी असावी. नावं इथेच, जेवणाआधी, लिहून घेतो.