अंगणवाडीचा पैसा आणि आपली लेकरे

(वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने विहारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणीतरी मोठे वक्ते बोलावले जातात. यंदा समितीने आम्हालाच उभे केले. विषय आम्हीच निवडला. तीन ते सहा वर्षांच्या लेकराचा. जे अजून शाळेत जात नाही आणि घरातही ठरत नाही, त्याचा.

मागच्या महिन्यात आम्ही घरोघर फिरून ही लेकरे मोजली. आईबाप सकाळीच रोलिंग मिलला, मोंढ्यात हमालीला, नाहीतर धुण्याभांड्याला जातात. मग या लेकराला सांभाळते कोण? पुष्कळ घरी सात-आठ वर्षांची मोठी बहीण! म्हणजे धाकट्यापायी थोरलीचीही शाळा बुडते. ज्यांना कसेबसे जमते ते उसनवारी करून के.जी.ची फी भरतात. आणि आपली अंगणवाडी? एक भाड्याची खोली, वर पत्रे. ऊन चढले की लेकरे बाहेर. पटावर नावे भरपूर, पण बसलेली थोडी. नाल्यापलीकडच्या नव्या गल्ल्यांत तर अंगणवाडीच नाही, आणि तिथे सहा वर्षांखालची लेकरे चाळीसच्या वर भरली. हे सांगताना आम्हालाही संकोच होतो, कारण आमच्यातल्या दोघी-तिघींची नातवंडेसुद्धा के.जी.लाच जातात.

अंगणवाडी हे नाव आपल्यासारख्याच वस्तीतून पुढे आले, हे थोड्यांना ठाऊक असेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले. दलित वस्तीतली लेकरे बालवाडीपर्यंत येईनात. तेव्हा या बायांनी लेकरांना दोष दिला नाही, बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पाने हेच शिकवण्याचे साहित्य. पुढे 1957 पासून कोसबाडला वारली मुलांमध्ये त्यांचे काम वाढले. सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

आता पैशाविषयी. आपल्यात बोलायची एक सवय आहे, "सरकार फुकट देतं, फुकटाचं तसंच असायचं." हे डोक्यातून काढले पाहिजे. बाबासाहेबांनी 12 मार्च 1927 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चाचा हिशेबच मांडला होता. अबकारी करापोटी सरकार लोकांकडून माणशी दोन रुपयांच्या वर वसूल करते आणि शिक्षणावर माणशी फक्त चौदा आणे खर्च करते, असे त्यांनी दाखवून दिले. लोकांकडून घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर लावा, ही त्यांची मागणी. प्राथमिक शाळेत घातलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. त्याआधी 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच दुखणे मांडले होते: पैसा कष्टकऱ्यांचा आणि शिक्षण वरच्यांचे. आपण काडेपेटी घेतली तरी कर भरतो. फुकट काही नाही.

तर आज हा पैसा येतो कसा? अंगणवाडीच्या सर्वसाधारण खर्चात केंद्राचा वाटा 60 आणि राज्याचा 40 टक्के, पोषण आहाराचा खर्च निम्मा-निम्मा. एका लेकराच्या आहारासाठी दिवसाला 8 रुपये आणि अतिकुपोषित असेल तर 12 रुपये, हा दर 2017 साली ठरला. आठ रुपयांत चहाचा कप तरी येतो का, ते स्टेशनाबाहेर विचारून बघा! सेविकेचे म्हणाल तर 1975 साली मॅट्रिक बाईला महिन्याला दीडशे रुपये मिळत. ऑक्टोबर 2018 पासून केंद्राचे मानधन साडेचार हजार झाले, राज्य वरून आपली भर घालते. वजन तिने करायचे, लसीकरणाला आया गोळा करायच्या, मोबाईलात माहिती भरायची, मग उरल्या वेळात लेकरांना शिकवायचे. तरी ती नोकरदार नाही, "मानधनी". सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये सांगितले, तेव्हा कुठे ती गोष्ट मान्य झाली. अंगणवाडीला कुलूप दिसले की आपण आधी सेविकेवर तोंडसुख घेतो. तिचा पगार कोण अडवतो, हे कधी विचारत नाही.

या खर्चाचा उपयोग होतो का, असे शिकलेली पोरे विचारतात. विचारावेच. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी 1962 पासून गरीब काळ्या कुटुंबांतली 123 मुले घेऊन एक प्रयोग झाला. 58 मुलांना चांगली बालवाडी दिली, 65 मुलांना नाही, आणि सगळ्यांवर पुढे चाळीस वर्षे लक्ष ठेवले. बुद्धीच्या चाचणीतला फरक काही वर्षांत विरून गेला, तेव्हा टीकाकार खूश झाले. पण बालवाडीतली 65 टक्के मुले हायस्कूल पूर्ण करून बाहेर पडली, दुसऱ्या गटातली 45 टक्केच. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले पहिल्या गटात 36 टक्के, दुसऱ्यात 55. मात्र हेही सांगितले पाहिजे की तिथे पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला घरी जाऊन आईशी बोलत असे. नुसत्या खिचडीने आणि तापलेल्या पत्र्याखाली असे फळ येणार नाही. प्रयोग लहान होता हेही खरे. तरी आपल्यासारख्यांच्याच लेकरांचा होता.

कायद्यात एक खाच आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क. सहाच्या खाली मात्र 2002 च्या दुरुस्तीनंतरचे कलम 45 म्हणते की राज्य "प्रयत्न करील". या प्रयत्नाला दात दिले ते सर्वोच्च न्यायालयाने. 13 डिसेंबर 2006 च्या आदेशानुसार ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य. आम्ही मोजणी उगीच केली नाही.

अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतले आपले सोयरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. उचल घेतली की लेकरासकट जावेच लागते, आणि लेकराची अंगणवाडी फडाजवळच्या कोपीत संपते. त्यांचा प्रश्न आपल्याहून अवघड आहे, तो एका भाषणात मावणार नाही. पण निदान जे इथे राहतात त्यांचे तरी बघू.

दोन गोष्टी मागतो. एक, आजची अंगणवाडी पत्र्यातून काढून सकाळी दहा ते एक या विहाराच्या सभागृहात बसू द्यावी. काही ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे आहे की लेकरे घाण करतील, भिंती रंगवतील. करतील. झाडून काढायची पाळी आम्ही लावून घेतली आहे, यादी समितीकडे दिली आहे. वंदनेच्या वेळेला हात लागणार नाही. दुसरी, नाल्यापलीकडच्या अंगणवाडीचा अर्ज. तो मागच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांच्या घरी सहा वर्षांखालचे लेकरू आहे त्यांनी जेवणाच्या पंगतीला बसण्याआधी त्याचे नाव आणि जन्मतारीख तिथे लिहावी. दाखला हाताशी नसला तरी आज नाव लिहा, दाखल्याचे नंतर बघू. सही येत नसेल तर अंगठा चालेल, शाईचे पॅड ठेवले आहे.

जय भीम.