सोसायटीची वही

(महाड येथे प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



तुम्हांला आता अक्षरे जुळवता येऊ लागली. आकडे तर तुम्हांला आधीपासूनच येत होते. बाजारात सुटे पैसे मोजताना तुम्हांला कोणी फसवू शकत नाही. म्हणून आज आपण एक कागद वाचायला घेऊ. हा कागद दर महिन्याला तुमच्या दाराखालून आत येतो. त्याला म्हणतात सोसायटीचे बिल. पुष्कळ घरांत तो खिळ्याला टोचून ठेवतात. किती भरायचे, तेवढा शेवटचा आकडा पाहतात. वरच्या ओळी कोणी वाचत नाही. मला त्या वरच्या ओळींविषयीच बोलायचे आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची घरे मूळची गावाकडली. कोणी पोलादपूरच्या वरच्या वाडीतले, कोणी बिरवाडीकडले, कोणी वरंधकडले. गावात घर ज्याचे त्याचे असते. पावसाच्या तोंडावर कौले चाळायची, शाकारणी करायची. नाही केली तर ज्याचे घर त्याचेच गळणार. शेजाऱ्याच्या डोक्यावर काही पाणी पडत नाही. पण देऊळ, विहीर, पाणंद, ही गावकीची. त्यासाठी वर्गणी काढतात. मुंबईच्या मंडळाकडूनही पैसे येतात. मग शिमग्याला गावकी बसते आणि जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवतात. कोणाचे किती आले, मांडवाला किती गेले, शिल्लक किती. मागून एखादे आजोबा ओरडतात, "ते दिवाबत्तीचं पुन्हा वाच रे!" आणि वाचणाऱ्याला पुन्हा वाचावेच लागते.

आता इमारतीचे पाहा. खोलीच्या आतले तुमचे. पण खांब कोणाचा? तो तर तळापासून गच्चीपर्यंत सगळ्यांच्या घरांतून गेलेला. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, सांडपाण्याचा नळ, विजेची मुख्य तार, सगळे सामायिक. वरच्याच्या न्हाणीघरात गळते आणि खालच्याच्या देव्हाऱ्यावर थेंब पडतो. म्हणजे इमारत ही एक उभी गावकीच झाली. तरी गावाकडे हिशेबासाठी भांडणारा माणूस इमारतीत आला की गप्प बसतो. "ते सेक्रेटरी बघतात," म्हणतो. असे का होते, मला अजून उमगलेले नाही. कागद छापील असतो म्हणून माणूस दबतो की काय, कोण जाणे.

ही रीत नवी नाही. मुंबईत गावदेवीला 1915 साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. ती देशातली पहिली समजतात. आपल्या राज्यात आज दोन तऱ्हा आहेत. एक, 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखालची सोसायटी. तिच्यात तुम्ही सभासद असता, आणि जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर यायची असते. दुसरी, 1970 च्या कायद्याखालची अपार्टमेंट. तिच्यात घर तुमच्या नावावर असते, आणि जमिनीत तुमचा अविभक्त हिस्सा असतो. तुमची इमारत कोणत्या तऱ्हेची, हे कागदावर पाहून घ्या. आज मी सांगतो ते मुख्यतः सोसायटीचे आहे.

आता एक जड गोष्ट सांगायला हवी. महाडात बसून ती टाळता येत नाही.

24 ऑगस्ट 2020 रोजी संध्याकाळी काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजल्यांची इमारत कोसळली. सोळा माणसे गेली. ढिगाऱ्याखालून चार वर्षांचा एक मुलगा एकोणीस तासांनी जिवंत निघाला. साऱ्या गावाने ते पाहिले. इमारत काही पडकी, जुनी नव्हती. दहा वर्षांच्या आतबाहेरची होती. बांधकामात कसूर केल्याच्या आरोपावरून बांधणाऱ्यावर व इतरांवर गुन्हा दाखल झाला.

ह्यात आपण काय पाहायचे? सोसायटीच्या आदर्श उपविधींत एक नियम आहे. उपविधी म्हणजे संस्थेचे छापील नियमपुस्तक. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी, आणि 30 वर्षांच्या पुढे गेली की दर तीन वर्षांनी इंजिनियरकडून तिची तपासणी करून घ्यायची. ह्या तपासणीला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात. नियम चांगला आहे. पण तारिक गार्डनचे वय पंधरा झालेच नव्हते! म्हणजे नियमाकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, "आपली इमारत नवी आहे, आपल्याला काय करायचंय?" तर ते खरे नाही. नियम सांगतो ते कमीत कमी. त्याहून आधी तपासायला कोणी मनाई केलेली नाही.

डोळे तुम्हांलाही आहेत. खांबाला उभी चीर पडली आहे का? गिलावा फुगून आतली सळई गंजलेली दिसते का? चांगले लागणारे दार अचानक अडू लागले का? गच्चीच्या भिंतीत पिंपळ उगवला आहे का? कोणी घर मोठे करायला खांब किंवा तुळई तर छिललेली नाही ना? यांतले काही दिसले की तोंडी सांगू नका, लिहून द्या. चार ओळींचा अर्ज लिहा, खाली तारीख घाला, सही करा. दुसऱ्या प्रतीवर "मिळाले" म्हणून सही घ्या. इथे शिकलात ते अशा वेळी कामाला येते. आणि खांब कडकडला, भिंतीतून माती पडू लागली, तर अर्ज-बिर्ज काही नाही. मुलेबाळे घेऊन आधी बाहेर पडायचे.

घर विकत घेणाराने दोन कागद आधीच मागावेत. एक, नगरपालिकेचा भोगवटा दाखला. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली व राहायला योग्य आहे, असे त्यात लिहिलेले असते. दुसरा, जमिनीचा. जमीन अजून बांधणाऱ्याच्याच नावावर असेल, तर उद्या इमारत पाडून बांधायची वेळ आली की तुम्ही अडलात. बांधणारा जमीन नावावर करून देत नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. त्याला मानीव अभिहस्तांतरण असे अवघड नाव आहे. 2008 साली कायद्यात ही सोय झाली. नाव पाठ झाले नाही तरी चालेल, अर्ज द्यायला विसरू नका.

आता बिल. एकेक ओळ घेऊ.

नगरपालिकेचा कर ज्याच्या त्याच्या घराप्रमाणे. पाण्याचा खर्च ज्याच्या घरात जितके नळ त्याप्रमाणे. मग सेवाशुल्क. झाडणाऱ्या बाईंचा पगार, राखणदार, जिन्यातले दिवे, कागदपेन्सिल, हे सारे त्यात येते. हे सर्व घरांना सारखे असते, खोली लहान असो की मोठी. लिफ्टचा खर्चही सर्वांना सारखा. तळमजल्यावरचे म्हणतात, "आम्ही लिफ्टला हात लावत नाही, आम्ही का द्यावे?" ह्यावरून सख्खे शेजारी अबोला धरतात. उपविधी म्हणतो, त्या इमारतीतल्या सर्वांनी द्यायचे, वापरा की न वापरा. भांडण तिथे मिटते. कोणी घर भाड्याने दिले असेल तर बिनभोगवटा शुल्क लागते. पण ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा 2001 चा सरकारी आदेश आहे.

ह्यापुढच्या दोन ओळी फार महत्त्वाच्या. "दुरुस्ती व देखभाल निधी" आणि "सिंकिंग फंड". पुष्कळ सोसायट्यांच्या बिलात ह्या ओळी नसतातच. आणि लोक कौतुकाने सांगतात, "आमच्याकडे मेंटेनन्स फक्त तीनशे!"

हे स्वस्त नाही. हिशेब करून दाखवतो. आदर्श उपविधी सांगतात, घर बांधायला जो खर्च आला, जमिनीची किंमत सोडून, त्याच्या वर्षाला निदान 0.75 टक्का दुरुस्तीसाठी आणि निदान 0.25 टक्का सिंकिंग फंडासाठी काढायचा. म्हणजे शंभर रुपयांना वर्षाचा एक रुपया. समजा, एका घराचा बांधकाम-खर्च आठ लाख. शंभराला एक, म्हणजे वर्षाचे आठ हजार. महिन्याला सहाशे सदुसष्ट रुपयांच्या आसपास. इमारतीत बारा घरे असली तर वर्षाला शहाण्णव हजार जमले. दहा वर्षांत नऊ लाख साठ हजार, आणि बँकेचे व्याज वेगळे.

आता तीनशेवाल्या इमारतीत चला. दहा वर्षे हसतखेळत गेली. अकराव्या वर्षी गच्ची गळू लागली, खांब दुरुस्त करायचे झाले, आणि इंजिनियरने सांगितले, साडेनऊ लाख लागतील. प्रत्येक घराला ऐंशी हजार, तेही एकदम, पावसाच्या आत. कोणाच्या घरी लग्न, कोणाच्या घरी आजारपण. चार जण देतात, आठ जण देत नाहीत. गच्चीवर निळे प्लॅस्टिक घालतात आणि पुढच्या वर्षावर ढकलतात. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. प्लॅस्टिकने किती थोपवावा? पाणी झिरपले की सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट फोडते. साडेनऊ लाखांचे काम वाढतच जाते. कौलांना शाकारणी लागते, हे आपल्या आजोबांना कोणी शिकवावे लागले नाही. स्लॅबला काही लागत नाही, असे मात्र आपणच ठरवून टाकले.

सिंकिंग फंडाचा पैसा बँकेत वेगळा गुंतवायचा असतो. सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय त्याला हात लावायचा नाही. गणपतीच्या मंडपाला नाही, फाटकाच्या रंगाला नाही. "थोडे दिवस वापरू, मग परत ठेवू," असे कोणी सभेत म्हणाले, तर उठून नाही म्हणा.

आता थकबाकी. बारांतले दोघे पैसेच देत नाहीत, मग काय करायचे? आधी जाऊन बोला. घरात खरीच अडचण असेल तर हप्ते बांधून द्या. टाळाटाळ असेल तर लेखी नोटीस, उपविधीप्रमाणे व्याज, आणि शेवटी निबंधकांकडून वसुलीचा दाखला. ही वाट लांबची आहे, पण पक्की आहे. काही ठिकाणी समिती थकबाकीदाराचे पाणीच तोडते. आदर्श उपविधींनी समितीला तो अधिकार दिलेला नाही. आणि मी म्हणतो, चवदार तळ्याच्या गावात हे सांगायची पाळी यावी का? 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो माणसे घेऊन त्या तळ्यावर गेले. सामायिक पाण्यापासून माणसाला दूर ठेवता येत नाही, हे साऱ्या देशाने इथूनच ऐकले. भाडेकरूच्या मुलांना गच्चीवर येऊ द्यायचे नाही, कामवाल्या बाईने जिना वापरायचा पण लिफ्ट नाही, असले नियमही लोक फळ्यावर लिहितात. तसा फळा दिसला तर सभेत विचारा, हा नियम कोणत्या उपविधीत आहे?

महाडच्या इमारतींना आणखी एक काळजी आहे, ती सावित्रीची. 22 जुलै 2021 चा पूर तुम्ही पाहिला. तळमजले बुडाले. तेव्हा मीटर, पंपाची मोटर आणि संस्थेचे दप्तर, तिन्ही खाली ठेवू नका. दप्तर वरच्या मजल्यावर कुलपात ठेवा. इमारतीचा विमा उतरवताना त्यात पूर लिहिला आहे का, ते वाचून घ्या. आग आणि भूकंप एवढेच असेल तर पूर घालायला सांगा. पूर ओसरल्यावर जमिनीतली टाकी उपसून, धुऊन, औषध घातल्याशिवाय ते पाणी पिऊ नका.

एवढे सगळे कळायला वही पाहावी लागते. सभासदाला हिशेबाचा ताळेबंद, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, उपविधी आणि स्वतःच्या खात्याचे पान पाहण्याचा हक्क कायद्याने आहे. पाहायला पैसे पडत नाहीत. नक्कल हवी तर तेवढी फी. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हांला त्यातलं काय कळणार?" तर रागावू नका. म्हणा, "दादा, हळूहळू वाचते. तुम्ही बसा." सेक्रेटरीही बिचारा बिनपगारी राबणारा असतो, हे ध्यानात असू द्या. पुष्कळदा कोणी विचारत नाही म्हणूनच वही मागे पडते.

आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. लेखापरीक्षण चार महिन्यांत व्हायला हवे. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची, आणि तिची नोटीस पुरे चौदा दिवस आधी मिळायला हवी. आपल्याकडे ह्याच दिवसांत गणपती येतात, आणि अर्धी बिऱ्हाडे गावी गेलेली असतात. नेमकी तेव्हा सभा ठेवली तर चार माणसे बसतात आणि सगळे मंजूर होते. म्हणून जुलै लागला की समितीला अर्ज द्या. सभा गणपतीच्या आधी ऑगस्टात, नाहीतर विसर्जनानंतर सगळे परत आल्यावर ठेवा, असे त्यात लिहा. अर्जाचा नमुना आता फळ्यावर लिहितो. वह्या काढा.