पसरलेला मर्केल पेशींचा कर्करोग आणि केमो

मर्केल पेशींचा कर्करोग हा त्वचेचा दुर्मीळ, पण फार वेगाने वाढणारा कर्करोग आहे. सिरिल टोकर यांनी १९७२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. बहुधा उतारवयात, चेहरा, मान, हात अशा उन्हात राहणाऱ्या भागांवर लालसर-जांभळट गाठ येते. ती दुखत नाही, म्हणून अंगावर काढली जाते. तोवर रोग काखेतल्या किंवा मानेतल्या लसिका ग्रंथींत आणि पुढे यकृत, फुफ्फुसे, हाडे यांत पोचतो.

असा पसरलेला रोग नुसत्या शस्त्रक्रियेने आटोक्यात येत नाही. अशा वेळी दिल्या जाणाऱ्या केमोथेरपीत, म्हणजे केमोत, सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिनच्या जोडीला इटोपोसाइड देतात. पहिल्या दिवशी दोन्ही, पुढचे दोन दिवस एकटे इटोपोसाइड, आणि साधारण २१ दिवसांनी पुढची सायकल. ही औषधे वेगाने विभागणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाला घालतात. केस गळतात, तोंड येते, अस्थिमज्जा मंदावते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बहुधा दुसऱ्या आठवड्यात सर्वांत खाली जातात. तेव्हा १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर तो गोळीने दाबायचा नसतो; मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठायचे असते. परळच्या टाटा हॉस्पिटलात दूरच्या गावांहून येणाऱ्यांनी म्हणूनच हे दिवस शक्यतो मुंबईतच काढावेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती अशा रुग्णांना आधार देतात.

केमोने निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठी आक्रसतात, वेदना उतरतात. मात्र बहुतेकांत काही महिन्यांतच रोग पुन्हा डोके वर काढतो. हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगायला हवे.

२०१७ मध्ये अमेरिकेत अव्हेल्युमॅबला मान्यता मिळाली. हे औषध शरीराच्या प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करते. ते सर्वांनाच लागू पडत नाही, पण ज्यांना पडते त्यांतल्या अनेकांत परिणाम वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून आता पहिली पसंती अशा औषधांना, म्हणजे इम्युनोथेरपीला आहे. परवडत नाही तिथे आजही केमोच हाती उरते.

या खर्चावर टाटा हॉस्पिटलने डोके आणि मानेच्या कर्करोगात एक वाट शोधली. निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा २४० मिलिग्रॅमऐवजी अवघा २० मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी तोंडी औषधांसोबत दिला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तो रोग वेगळा. मर्केल पेशींच्या कर्करोगात अशा अल्प मात्रेवर विसंबण्याआधी तिची स्वतंत्र चाचणी व्हायला हवी.