म्हणींतील शहाणपण आणि समाजाची उन्नती
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलेले. हयात यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत मुलांस बाराखडी गिरविण्यास शिकविण्यात गेली. तेव्हा मोठ्या ग्रंथांच्या वाटेस न जाता, आपल्या आयाबायांच्या तोंडच्या म्हणींविषयी चार शब्द बोलतो. १८९९ साली आल्फ्रेड मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने मराठी म्हणींचा संग्रह ऑक्सफर्ड येथून प्रसिद्ध केला. परक्यास जे धन वाटले, ते आपण अडगळीत टाकू नये.

आफ्रिकेच्या दक्षिणेस लेसोथो नावाचा डोंगराळ देश आहे. तेथील बसोथो लोकांत, राजा हा प्रजेमुळे राजा, या अर्थाची म्हण आहे. आपणही ‘गाव करी ते राव न करी’ असेच म्हणतो. त्या देशाच्या बोधवाक्यात शांतता, पाऊस आणि समृद्धी असे तीनच शब्द आहेत. कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या आम्हां वऱ्हाडकरांस त्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. शेजाऱ्याच्या शेतात मिळून राबण्यास तिकडे ‘लेत्सेमा’ म्हणतात. महाराष्ट्रात त्याच जातीच्या प्रथेस ‘इर्जिक’ हे नाव आहे.

परंतु एकी म्हणजे नुसती गर्दी नव्हे. आम्ही नोकरीस असलेल्या एका गावी विहिरीतील गाळ काढण्यास पहिल्या वर्षी सारा गाव लोटला. दुसऱ्या वर्षी कोणीच आले नाही. जो तो दुसऱ्याची वाट पाहत राहिला. ‘बारभाईंची शेती, काय लागेल हाती’ ही म्हण तेव्हा आम्हांस उमगली. तिसऱ्या वर्षी प्रत्येक आळीस एकेक दिवस नेमून दिला आणि गाळ निघाला. काम सर्वांचे असले तरी वाटा ज्याचा त्याला नेमून दिलेला असावा, हा त्यातील बोध होय.

दुसरी म्हण ‘ऋण काढून सण’. मुलीच्या लग्नात सावकाराच्या पैशाने मांडव सजवावयाचा आणि तिच्या धाकट्या भावास फीअभावी शाळेतून काढावयाचे, हे आम्ही वर्गात बसून पाहिले आहे. रिकामी झालेली ती जागा आम्हांस आजही दिसते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जुन्या म्हणींत इतर जातींना व स्त्रियांना हिणविणाऱ्याही पुष्कळ आहेत. वाडवडिलांचे म्हणून तेही जतन करावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. धान्य पाखडून घ्यावे, खडे टाकून द्यावेत.

म्हणून आमची नम्र विनंती एवढीच की, प्रत्येक कुटुंबाने लग्नखर्चातील थोडा वाटा मंडळाच्या विद्यार्थी-निधीस द्यावा, आणि त्याचा हिशेब दरवर्षी याच सभेत वाचला जावा. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे खरे. पण तळ्याचा बांध फुटका असू नये, हेही तितकेच खरे.