स्पेलिंग चुकलं म्हणजे पोर ‘ढ’ नाही

आज बोलूया इंग्रजी स्पेलिंगबद्दल.

मराठीत च, ज यांसारखी थोडी अक्षरं सोडली, तर जसं लिहिलं तसं वाचायचं. इंग्रजीत अक्षरं 26 आणि ध्वनी साधारण 44. मग एकेका अक्षरावर दोन-तीन कामं पडणारच. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं घ्या. ‘दो’, ‘थ्रू’, ‘टफ’, ‘कॉफ’. चार शब्द, चार उच्चार!

असं का? ‘नाइफ’मधला के एकेकाळी खरोखर उच्चारला जायचा. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि पुढे स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली. लोकांच्या तोंडातले दीर्घ स्वर मात्र त्याच काळात बदलत होते. बोलणं पुढे गेलं, लिखाण मागे राहिलं.

आता मुद्द्याचं सांगतो. पहिलीतलं पोर ‘नाइफ’ला ‘क्निफे’ वाचतं, तेव्हा ते डोकं चालवतंय. मराठीचा नियम इंग्रजीला लावतंय, एवढंच. खुद्द इंग्लंडमधल्या मुलांनाही वाचन जमायला इटालियन किंवा फिनिश मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो. मग आपल्या पोराला ‘ढ’ कशाला म्हणायचं?

त्यापेक्षा शब्द आधी कानावर पडू द्या, मग अक्षरं दाखवा. ‘लाइट, नाइट, राइट’ असे एका साच्यातले शब्द एकत्र शिकवा. आणि ‘असं का?’ विचारलं, तर छापखान्याची ही गोष्ट जरूर सांगा.

भेटूया पुढच्या भागात!