आधी डिस्क, मग एफएससीके



अकोल्याचा मे तुम्हाला ठाऊकच आहे. पारा ४५ च्या घरात. अशा उन्हात इथल्या एका कार्यालयाचा लिनक्स सर्व्हर ‘रीड-ओन्ली’ झाला. फाइली वाचता येत, लिहिता येत नसत. सगळे म्हणाले, ‘एफएससीके चालव ना लेका!’

मी आधी डीमेसेज आणि एमडीस्टॅट पाहिलं. रेड-५ मधली एक डिस्क पार गेलेली, दुसरी वाचताना अडखळत होती. अशात दुरुस्ती चालवली, तर उरलासुरला डेटाही विस्कटतो. म्हणून अडखळणाऱ्या डिस्कची डीडीरेस्क्यूने नव्या डिस्कवर नक्कल केली, मग रिबिल्ड, आणि शेवटी अनमाउंट करून एफएससीके.

रेड-५ एक डिस्क गेली तरी काम थांबू देत नाही. चुकून पुसलेली फाइल मात्र परत देत नाही. त्यांचा बॅकअप आता अमरावतीत असतो.